ॲडमिन नाना

जळगावच्या पिंप्राळ्यात आता गावठाणापेक्षा कॉलन्या जास्त झाल्या आहेत. कॉलनी तिथे व्हॉट्सॲप ग्रुप, आणि ग्रुप तिथे एक नाना. नाना नोकरीतून निवृत्त झालेले असतात, कामातून नाही. मुलगा पुण्याला हिंजवडीत, मुलगी सुरतेला दिलेली, आणि हातात मुलानं ‘तुम्हाला होऊन जाईल’ म्हणत सोपवलेला जुना फोन. त्या फोनला चरा गेलेला असतो, पण नानांच्या अधिकाराला नाही. ‘कॉलनी परिवार (अधिकृत)’ या ग्रुपचे ते संस्थापक, अध्यक्ष, पहारेकरी आणि प्रसंगी न्यायाधीश असतात. कंसातला ‘अधिकृत’ त्यांनीच घातलेला. अनधिकृत ग्रुप बायकांचा आहे आणि खऱ्या बातम्या तिथेच असतात, हे नानांना नानी अधूनमधून सुनावतात.

नानांचे नियम चार. गुड मॉर्निंग बंद, राजकारण बंद, जाहिरात बंद, वाढदिवसाच्या शुभेच्छा एकदाच. नियमावली टाकल्याबरोबर मंडळींनी अंगठ्यांचा एवढा पाऊस पाडला, की नियम वर सरकून दिसेनासे झाले. ते पुन्हा कोणी शोधले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला खुद्द नानांचाच मेसेज आला: गुलाबाचं फूल, दवबिंदू आणि खाली सुविचार. एकानं भीतभीत विचारलं, “नाना, गुड मॉर्निंग बंद ना?” उत्तर आलं, “हे गुड मॉर्निंग नाही. हे प्रबोधन आहे. नोंद घ्यावी.”

ग्रुपचा खरा प्राण नळात आहे. वाघूर धरणाचं पाणी आपल्या गल्लीत नेमकं कधी पोहोचेल, हे भविष्य सांगणारा ज्योतिषी अजून खान्देशात जन्मला नाही. त्यामुळे पाण्याच्या दिवशी ग्रुपवर असा संवाद चालतो:

“आले का भो?”
“नाही अजून.”
“मागच्या गल्लीत आले.”
“आले, पण फोर्स नाही.”
“लोक मोटारी लावतात, मग फोर्स कुठून राहील?”
“कोणी लावली मोटार? नाव सांगा.”

इथे ग्रुप एकदम शांत होतो. त्या शांततेत भिंतीपलीकडून एका मोटारीची घरघर स्पष्ट ऐकू येते, आणि ती नानांच्या अंगणातून येत असते. पाच मिनिटांनी नानांचा मेसेज येतो, “विषय बंद करावा.” तेवढ्यात न्यू जर्सीहून एकाचा प्रश्न, “नळ आले का?” तिथे तेव्हा मध्यरात्र असते, पण त्याचे आईवडील फोन उचलत नाहीत. ग्रुपवर नळ आल्याचं कळलं, की दोघं हंडे भरताहेत, म्हणजे सुखरूप आहेत, हे त्याला कळतं.

उन्हाळ्यात नळाची जागा तापमान घेतं. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंश ओलांडतो, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण ग्रुपवर तो प्रत्येक घरात वेगळा असतो. एक जण ४५चा स्क्रीनशॉट टाकतो, दुसरा ४६चा, तिसरा म्हणतो, “आमच्या गच्चीवर ४८.” उष्णतेतही शेजाऱ्याच्या मागे राहायचं नाही, हा बाणा. शेवटी नाना जाहीर करतात की गच्चीवरचं तापमान धरलं जाणार नाही, आणि सगळे कूलरपुढे निवांत होतात. तिकडे बायकांच्या ग्रुपनं याच गच्चीचा उपयोग केव्हाच ठरवलेला असतो. पहाटे कुरडयांचा चीक शिजतो, दहाच्या आत बिबडे पडतात, आणि कावळे हाकलायला नातवंडांची पाळी लागते.

आपणही यात मागे राहू नये म्हणून नानांनी एकदा मतदान घेतलं. व्हॉट्सॲपवर २०२२पासून ग्रुपमध्ये मतदानाची सोय झाली आणि नानांमधला निवडणूक अधिकारी जागा झाला. प्रश्न होता, “उडदाचे पापड लाटण्यासाठी कोण कोण उपलब्ध?” पर्याय: सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सदस्यांच्या आग्रहाखातर चौथा पर्याय घातला, “फक्त लाट्या खायला येऊ.” चौथा पर्याय प्रचंड बहुमतानं निवडून आला. लाटायला दोन मतं पडली. त्यातलं एक नानांनी नानींच्या वतीनं टाकलेलं होतं, आणि त्याबद्दल नंतर घरात काय झालं ते कोणत्याही ग्रुपवर आलं नाही.

नानांची खरी कसोटी लागली ती वाटीच्या प्रकरणात. एका वहिनींनी फोटो टाकला: स्टीलची वाटी, खाली मजकूर, “ही कोणाची? शेवभाजी आली होती, कोणाकडून ते आठवत नाही.” वाटीवर कोरलेलं होतं, ‘शुभविवाह, सप्रेम भेट, १९९४.’ नाव झिजलेलं. दहा मिनिटांत तीन घरांची नावं पुढे आली, कारण तिन्ही घरं त्याच लग्नाला गेली होती आणि तिघांनाही तीच वाटी मिळाली होती. एकीनं काठावरचा पोचा पुरावा म्हणून दिला. दुसरी म्हणाली, “पोचा तुमच्याकडे पडला, वाटी आमचीच.” तिसरी गप्प राहिली, कारण वाटी तिचीच होती. पण आपल्याकडे वाटी रिकामी परत देत नाहीत, आणि त्या वहिनींच्या हातची आमटी कशी असते हे तिला ठाऊक होतं. नानांनी सुनावणी घेतली, फोटो मोठा करून पाहिला, आणि निकाल दिला: वाटी ॲडमिनकडे जमा करावी. वाटी जमा झाली. आता तिच्यात नानांचं दाढीचं पाणी असतं. समोरासमोर राहणाऱ्या या साऱ्या जणी. दारातून एक हाक मारली असती तर प्रकरण मिटलं असतं, असं नानी म्हणाल्या. पण मग गंमत काय राहिली असती?

कायद्याचं भय मात्र नानांना फार. कोणी काही वावगं टाकलं तर ॲडमिनवर गुन्हा, हा मेसेज त्यांनी इतक्यांदा वाचला होता की दार वाजलं तरी ते आधी फोन बंद करायचे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल बाहेर आला: संगनमत किंवा पूर्वनियोजन नसेल, तर सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही. ती बातमी नानांनी अशा जोमानं पुढे पाठवली, की पाच जणांच्या मर्यादेवर फोन अडला. मग पुन्हा पाच, पुन्हा पाच. निकालाची खोली किती कळली सांगता येत नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्या ‘नोंद घ्यावी’ला वेगळीच धार आली.

राजकारणावर बंदी असल्यानं ग्रुपवरची मोठी युद्धं स्वयंपाकघरात लढली जातात. थंडी पडली की भरिताचा रविवार ठरतो. वांगी बामणोदकडची, हिरवट पांढरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे नाना दरवर्षी नव्यानं कळवतात. भाजायला कपाशीच्या काड्या, ठेचायला बडगी, सोबत कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी. असा सगळा बेत जुळलेला असताना पुण्याहून एका मुलानं लिहिलं, “थोडा टोमॅटो टाकला तर?” नानांनी त्याला तडकाफडकी ग्रुपमधून काढलं. कोणत्याही पक्षाच्या भक्ताला आजवर ही शिक्षा झालेली नाही. संध्याकाळी त्याच्या आईनं भरिताचा डबा नानांकडे पोचवला तेव्हा तो पुन्हा सदस्य झाला, “अनुभवातून शिकावे” या सूचनेसह.

वर्षातून एकदा नाना राजीनामाही देतात. ‘कोणाला किंमत नाही’ एवढं लिहून बाहेर पडतात. यंदाही गेले. ग्रुपला आधी सुटी लागल्यासारखं झालं. प्लॉटच्या जाहिराती आल्या, दोघांचं जुंपलं, एका काकांनी किराणा यादी चुकून तिथेच टाकली, ‘तूप थोडंच आणणे, हिला सांगू नये’ या शेवटच्या ओळीसकट. ती त्यांनी लगेच पुसली, पण तोवर ‘ही’ वाचून मोकळी. आणि या गोंधळात नळ येऊन गेले, ते कोणी कळवलंच नाही. अर्धी कॉलनी कोरडी राहिली. तासाभरात नाना परत आले. त्यांना आत घेणाऱ्यांत टोमॅटोवालाच पुढे होता.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. दोर ओढायला शेकडो हात असतात. चाकाखाली मोगरी लावून रथ वळवणारे आणि थांबवणारे मोजके, आणि घाम त्यांचाच जास्त गळतो. फोटोत ते सहसा येत नाहीत. नानांचं काम त्याच जातीचं, फरक इतकाच की नाना फोटोत येतात. कारण फोटो तेच काढतात आणि चाळीस फोटो एकदम टाकतात.

तेव्हा नानांना हसा, त्यांचा ग्रुप म्यूट करा, वाटल्यास सोडूनही जा. फक्त नळ येऊन गेल्यावर जा.