हरवायला या!

पाहुण्याला लांबून बोलावून घ्यायचे आणि पुढची वाट मात्र सांगायची नाही, हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो. स्वीडनमध्ये त्याची पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते आणि लोक तिला महिनोन्‌महिने आधी पैसे भरून सहकुटुंब जातात. ओ-रिंगेन हे तिचे नाव. १९६५ साली जेमतेम दीडशे माणसांवर सुरू झालेला हा ओरिएंटियरिंगचा, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात वाट शोधत धावण्याच्या खेळाचा, मेळा दर उन्हाळ्यात नव्या गावी भरतो. १९८५ साली फालूनला स्पर्धकांची संख्या २५ हजारांच्या घरात गेली होती. २०२३ साली यजमानपद होते ओरे या गावाकडे. येम्टलांड प्रांतातले हे डोंगराळ गाव, डोक्यावर १,४२० मीटर उंचीचा ओरेस्कूतान, पायाशी तळे, आणि २००७ व २०१९ साली इथेच भरलेल्या अल्पाइन स्कीइंगच्या जागतिक स्पर्धांमुळे हिवाळ्यात चांगलेच गजबजलेले. अशा चित्रासारख्या ठिकाणी जगभरातून माणसे गोळा करायची, प्रत्येकाच्या हाती एक नकाशा द्यायचा आणि ठरल्या ठरल्या वेळी एकेकाला रानात सोडून द्यायचे. माझे म्हणणे असे की, डोंगराळ मुलखाने पाहुण्यांचे करावे ते आतिथ्य हेच; बाकीचे नुसते चहापाणी. हे मी एका बैठ्या माणसाच्या संपूर्ण अधिकाराने सांगतो आहे. डोंगरांवर माझे निस्सीम प्रेम आहे आणि त्याचा पुरावा म्हणून माझ्या असंख्य छायाचित्रांत डोंगर माझ्यामागे अदबीने उभे असलेले दिसतील. दिशांच्या बाबतीत तर माझा आत्मविश्वास असा, की तो दिशांवर मुळीच अवलंबून नसतो.

या यजमानांची मेहनत पाहिली की थक्क व्हायला होते, कारण ती सगळी पाहुण्यांची अडचण नीट व्हावी म्हणून चाललेली असते. पहिले काम नकाशाचे. नेहमीचा नकाशा इथे कामाचा नाही. त्यात गावे असतात, रस्ते असतात, म्हणजे नेमके जे नको ते सगळे असते. इथे हवा असतो कमरेइतका खड्डा, पुरुषभर उंचीचा धोंडा, ओढ्याचे वळण, दलदलीचा काठ. प्रमाण बहुधा दहा हजारांस एक, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर शंभर मीटर. समोच्च रेषा पाच-पाच मीटरवर. विमानातून लेझरने मोजलेला जमिनीचा उंचसखलपणा हल्ली आयता मिळतो. तरीही कोणीतरी पायी हिंडून धोंडा खरोखर आहे की नाही, हे बघावेच लागते. मग आखणी करणारा बसतो. पांढऱ्या-नारिंगी कापडाची, बाजूला तीस सेंटिमीटर भरणारी झेंडी, म्हणजे कंट्रोल, त्याने अशा जागी लावायची की नकाशा वाचणाऱ्याला ती सापडलीच पाहिजे आणि नशिबावर विसंबणाऱ्याला ती सापडता कामा नये. त्याच्या कामावर तपासनीस. आणि या सगळ्याच्या आधी बंदीहुकूम: स्पर्धेचे रान जाहीर झाले की स्पर्धकांनी तिथे फिरकायचे नाही. मुलखातले सर्वांत सुरेख जंगल निवडायचे आणि सर्वांत आधी पाहुण्यांनाच तिथे मज्जाव करायचा, हे पाहून पंगत बसेपर्यंत जिलबीच्या खोलीची किल्ली कनवटीला लावून हिंडणारे मामा आठवतात.

आता थोडे रंगांविषयी. विषयाशी त्याचा संबंध आहे. नसता तरी मी बोललोच असतो. ओरिएंटियरिंगच्या नकाशात जंगल पांढरे असते. कोरा कागद दिसला तर तिथे काही नाही असे समजायचे नाही. तिथे झाडेच झाडे आहेत, पण त्यांच्यामधून माणूस सुखाने पळू शकतो. हिरवा रंग सुरू होतो तो अडचण सुरू झाल्यावर. फिकट हिरव्यात तुमचा वेग नेहमीच्या साठ ते ऐंशी टक्क्यांवर येतो, मधल्या हिरव्यात वीस ते साठ टक्क्यांवर, आणि गडद हिरव्यात विसाच्याही खाली, म्हणजे तिथे धावणे संपून झटापट सुरू होते. हिरव्या रंगाच्या बाबतीत आपण मराठी माणसे किती हळवी! पाचवीतल्या निबंधापासून डोंगराला हिरवा शालू नेसवण्याची आपल्याला सवय, आणि इथे कोणी एक नकाशाकार शालूकडे पाहून शांतपणे म्हणतो, वीस टक्के. या हिशेबाने जुलैतला सह्याद्री छापायचा तर हिरव्या शाईची टंचाई व्हावी. कारवीचेच घ्या. सात वर्षांनी ती फुलते, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिचे कौतुक ओसंडते; मधली वर्षे ती काय करत असते, हे तिच्यातून वाट काढणाऱ्याला विचारा, किंवा सरळ गडद हिरवा वापरा. करवंदीच्या जाळ्या, गडद हिरवा. घाणेरी, गडद हिरवा आणि वर एक शिवी. कासच्या पठारावर फुलांसाठी माणसांचा पूर लोटतो. या नकाशात ते पठार उघडे रान म्हणून पिवळे पडेल, कातळ उघडा असेल तिथे करडे, आणि फुलांना चिन्हच नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी तर समोच्च रेषा एकमेकींच्या अंगावर कोसळतील, म्हणून तिथे एक जाड काळी दातेरी रेघ. इतक्या जणांनी ज्याच्या काठावर पालथे पडून उसासे टाकले, त्या कड्याबद्दल नकाशाचे एकच म्हणणे: इथून जाता येत नाही. माझ्यासारख्या लेखकाने चार पाने खर्चून उभी केलेली वनशोभा एका छटेत आणि एका टक्केवारीत मावते, हे पचायला जड जाते खरे. पण राग ओसरल्यावर लक्षात येते की, त्या नकाशाकाराने ती झुडपे जितक्या जवळून पाहिली, तितक्या जवळून मी एकही पाहिलेले नाही. मी लांबून सुंदर म्हणून मोकळा झालो होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. एवढ्या रम्य ठिकाणी नेता आणि माणसे नकाशात डोके घालून पळतात. मग डोंगर पाहतो कोण? प्रश्न रास्त आहे. पण मग आपल्याकडे तो कोण पाहतो, तेही विचारू. आपली डोंगर दाखवण्याची रीत ठाऊक आहे. आधी रस्ता, मग रस्ता पुरत नाही म्हणून रुंद रस्ता, मग गाड्या लावायला सपाटी, सपाटीसाठी टेकाडाचा एक घास, मग कठडा, कठड्याला टेकून मक्याचे कणीस. महाबळेश्वरच्या कुठल्याही पॉइंटवर सुट्टीच्या दिवशी उभे राहावे. हजार माणसे एकाच कठड्यावरून तीच दरी, त्याच कोनातून पाहत असतात, पाहत असतात म्हणजे तिच्याकडे पाठ करून फोनकडे पाहून हसत असतात. पावसाळ्यात धबधब्याखाली तर पाण्यापेक्षा माणसेच अधिक वाहतात. हे लिहिताना मला विनोद सुचत नाही. डोंगर सोपा केल्याशिवाय त्याचा उपभोग घेता येत नाही अशी आपण समजूत करून घेतली आणि सोपा करता करता त्याचा मोठा भाग गिळून बसलो. ओरिएंटियरिंगवाला दरी पाहत नाही, कबूल. पण ही घळ पूर्वेला उतरते का, हा धोंडा तोच का, पायाखालची ओल ओढ्याची की दलदलीची, हे त्याला समजून घ्यावेच लागते, नाहीतर तो तिथेच फिरत राहतो. एका सकाळीत तो डोंगराला जितके प्रश्न विचारतो, तितके आपण हनीमूनपासून साठीपर्यंत विचारत नाही.

ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांचे काय, असे कोणी म्हणेल. रस्ता त्यांच्यासाठीच तर होता. ओ-रिंगेनसारख्या स्पर्धेचे उत्तर मला इथे फार आवडते. दहा वर्षांच्या पोरांपासून नव्वदीपर्यंतच्यांना वेगवेगळे गट असतात. वय वाढेल तसे अंतर कमी, चढ कमी, नकाशावरची चिन्हे मोठी. हरवण्याची शक्यता मात्र कोणाकडूनही काढून घेतली जात नाही. जगज्जेता ज्या मैदानातून सुटतो आणि जिथे परततो, तिथेच आजीही आपल्या झेंड्या शोधून सावकाश परतते. पायांना झेपेल असा डोंगराचा तुकडा शोधून काढायला आखणीवाल्याचे दिवस जातात. सपाटीकरणाला एक जेसीबी पुरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: हजारो पावले रानात घुसवायची, हे पर्यावरणाचे कसले प्रेम? इथे मी मान हलवतो. पायांना वजन असते आणि ओल्या जमिनीवर ते उमटते. म्हणूनच यजमानांचा अर्धा वेळ जमीनमालकांशी आणि प्रशासनाशी बोलण्यात जातो. स्वीडनमध्ये रानात मोकळेपणाने हिंडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण हिंडणे वेगळे आणि हजारोंची स्पर्धा वेगळी. त्यात येम्टलांड हा सामी समाजाच्या रेनडिअर पाळण्याचा मुलूख. जनावरांना त्रास होईल तिथे झेंडी लागत नाही. नाजूक भागावर नकाशातच जांभळ्या रेघांची जाळी असते आणि तिथे पाऊल टाकणारा बाद होतो. शिवाय झेंड्या विखुरलेल्या असल्यामुळे माणसेही विखुरतात, आणि खेळाचे मैदान म्हणजे एखादे कुरण, ज्यावर तंबू येतात आणि जातात. कठड्याचे तसे नाही. तो एकदा आला की त्याच्या मागून वडापाव येतो.

तिसरा आक्षेप तरुणांचा. हातात फोन असताना हा खटाटोप कशाला? नियमाप्रमाणे वाट शोधायला नकाशा आणि होकायंत्र एवढेच चालते. घड्याळ चालेल, नकाशा दाखवणारे घड्याळ नाही. यामागे जुन्याचा हट्ट आहे असे मला वाटत नाही. फोनवरचा निळा ठिपका तुम्ही कुठे आहात ते सांगतो आणि त्याच क्षणी तुमचा आजूबाजूशी असलेला संबंध संपवतो. माझ्यासारख्याला तो ठिपका आणखी एका कारणाने प्रिय आहे: जगाच्या नकाशात नेहमी मीच मध्यभागी असतो. ओरिएंटियरिंगच्या नकाशात ‘तुम्ही’ नावाचे चिन्हच नाही. तिथे घळ आहे, धोंडा आहे, ओढा आहे, आणि त्यांच्या साक्षीने स्वतःला शोधायचे आहे. मला वाटते, या खेळाचा प्रसार आपल्या सुशिक्षित वर्गात बेताचा राहिला याचे खरे कारण हेच असावे. दमछाक हे नुसते निमित्त. १८९७ साली नॉर्वेत ऑस्लोजवळ पहिली जाहीर स्पर्धा झाली, तीत आठ जण धावले होते. हा आकडा आमच्या सोसायटीतही सहज जमेल, पण अध्यक्ष कोण यावर सात जण उरतील.

राहिला शेवटचा आक्षेप: पाहुण्याला असे एकटे सोडणे निष्ठुरपणाचे नाही का? हंगेरीत मिश्कोल्त्सला २००९ साली जागतिक अजिंक्यपदाच्या पुरुषांच्या रिलेत काय झाले ते आठवावे. शेवटच्या टप्प्यात स्वीडनच्या मार्टिन योहान्सनच्या मांडीत फांदीचा तुकडा खोल घुसला. फ्रान्सचा थिएरी जॉर्जिऊ, नॉर्वेचा अँडर्स नॉर्डबर्ग आणि चेक प्रजासत्ताकाचा मिखाल स्मोला पदकासाठी धावत होते. तिघेही थांबले, त्याच्याजवळ राहिले, आणि सुवर्णपदक स्वित्झर्लंडने नेले. जॉर्जिऊची कथा तर अशी की, आदल्याच वर्षी ओलोमोउत्सला रिलेत आघाडीवर असताना घशात मधमाशी गेल्यामुळे त्याची शर्यत संपली होती. २०११ साली साव्हॉयच्या डोंगरांत, म्हणजे त्याच्याच देशात, फ्रान्सने ती रिले एकदाची जिंकली. तेव्हा रानात माणूस वाटतो तितका एकटा नसतो. यजमानही त्याला विसरत नाही. वाट दाखवायची नाही, पण आत गेलेला प्रत्येक जण बाहेर आला का, हे मोजल्याशिवाय दिवस संपवायचाही नाही, असा त्याचा शिरस्ता. संगणकावर एक जरी नाव ‘अजून रानात’ असे राहिले, तर बक्षीस समारंभ चालू असला तरी शोध सुरू होतो. म्हणूनच नियम आहे की, शर्यत अर्धवट सोडलेल्या माणसानेही शेवटच्या रेषेवर येऊन, सगळ्यांच्या देखत, आपण सोडली असे सांगून जायचे. दलदल, काटे, चढ, गडद हिरवा, या सगळ्याला माझी तयारी आहे. ओ-रिंगेनचे यजमान हा एवढा नियम शिथिल करणार असतील तर मी उद्याच नाव नोंदवतो.