टोचन-वायरिंग: जुन्या जीपच्या पाठीमागे उजेड पाडण्याची शास्त्रोक्त पद्धत

व्याख्या

पुढच्या गाडीच्या बॅटरीतली वीज मागच्या ट्रेलरच्या दिव्यांपर्यंत नेणारी व्यवस्था म्हणजे टोचन-वायरिंग. भंडारा जिल्ह्यात तिचे दोन प्रकार आढळतात. पहिल्यात सात तारा, सात पिनांचे सॉकेट, रिले आणि फ्यूज असतात. दुसऱ्यात ट्रेलरच्या फाळक्याला लाल फडके बांधलेले असते. दुसरा प्रकार स्वस्त असून कधी बिघडत नाही आणि अंधार पडेपर्यंत उत्तम चालतो. येथे पहिल्याचाच विचार केला आहे.

पूर्वतयारी

जीप अंगणात, बॉनेट पडवीत आणि सीटा माळ्यावर असल्या म्हणजे पूर्वतयारी झाली. जीप दिवाळीपर्यंत रस्त्यावर येईल असे घरी सांगावे. कोणत्या दिवाळीपर्यंत, हे सांगू नये. वायरिंगला योग्य वेळ एकच, बॉडी चासीवरून उतरलेली असतानाची. परंपरा मात्र अशी की आधी रंग पूर्ण करावा, शेजाऱ्यांना दाखवावा आणि मग त्याच रंगात ड्रिलने भोके पाडावीत.

व्होल्टेज

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६ व्होल्टवर चालत असे. लष्कराच्या काही गाड्या २४ व्होल्टच्या असतात. बाजारातला दिवा बहुधा १२ व्होल्टचा मिळतो. हा दिवा ६ व्होल्टवर मिणमिणतो. २४ व्होल्टवर तो एकदाच, पण फार सुंदर उजळतो. म्हणून आधी मीटर लावून बॅटरी मोजावी. ‘काकाजींच्या वेळेपासून बाराचीच आहे’ हे मोजमाप धरू नये.

तारा

सात पिनांच्या प्रचलित १२ व्होल्ट सॉकेटची वाटणी ठरलेली आहे. पिन १ पिवळी, डावा इंडिकेटर. २ निळी, धुक्यातला मागचा दिवा. ३ पांढरी, अर्थिंग. ४ हिरवी, उजवा इंडिकेटर. ५ तपकिरी, उजवा टेललॅम्प. ६ लाल, ब्रेक. ७ काळी, डावा टेललॅम्प. दुकानात गेल्यावर यांपैकी फक्त लाल आणि काळी शिल्लक असल्याचे कळते. ‘करंटले का रंग दिसते जी?’ असे दुकानदार विचारतो. करंटला दिसत नाही हे खरे. पुढच्या उन्हाळ्यात टेप सोलत बसणाऱ्याला दिसावा लागतो.

सॉकेट समोरून आणि मागून पाहताना डावे-उजवे उलटते, म्हणून पिनेशेजारी कोरलेला आकडा वाचूनच तार कसावी. नाहीतर तुमसरच्या फाट्यावर जीप डावीकडे वळण्याचा इशारा देते, ट्रेलर उजवीकडे, आणि दोघांपैकी कुणाचे ऐकावे हे मागच्या ट्रकवाल्याला ठरवावे लागते.

अर्थिंग

सगळ्या दिव्यांचा करंट पांढऱ्या तारेनेच परत येतो. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब, तेवढाच एक इंडिकेटर आणि ५ वॅटचे दोन टेललॅम्प मिळून ७३ वॅट होतात. १२ व्होल्टला सुमारे ६ अँपिअर. त्यामुळे ही तार सर्वांत जाड, २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. ‘हूक लोखंडाचाच आहे, त्यातून जाते करंट’ असे सांगणारा जाणकार प्रत्येक गावात असतो. हुकात लोखंडाबरोबर गंज, ग्रीस आणि नवा रंगही असतो, याकडे तो लक्ष देत नाही.

अर्थिंग तुटले की करंट इतर बल्बांतून वाट काढतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेललॅम्प लुकलुकतो. वरातीसाठी ही रोषणाई पुरेशी आहे. भंडारा, लाखनी, साकोलीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ साठी नाही.

रिले आणि फ्यूज

जीपचा ब्रेक-स्विच तिच्या स्वतःच्या दोन दिव्यांपुरता असतो. ट्रेलरचे दोन वाढले की भार साडेतीन अँपिअरवरून सातवर जातो. म्हणून स्विचने फक्त हुकूम द्यावा आणि भार रिलेने वाहावा. रिलेची वीज थेट बॅटरीतून, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीला खेटून बसवावा. वारंवार उडणाऱ्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची पद्धत रूढ आहे. तिने फ्यूज जळायचा थांबतो; जीप जळते.

जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरची लय बल्बांच्या भारावर ठरते. तिसरा बल्ब जोडला की ती बिघडते, म्हणून वाढीव भाराचा फ्लॅशर घ्यावा.

निगा

सॉकेटच्या पिना पितळेच्या असतात. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव असल्याने त्या चिंचेने घासण्याचा सल्ला घरातून मिळतो. पिना लखलखतातही, पण आंबटपणा खाचेत राहतो आणि हिरवा थर पुन्हा धरतो. बारीक पॉलिश पेपर फिरवून वर थोडे ग्रीस लावावे. सॉकेटचे झाकण वरून खाली पडणारे असावे, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. केबल वळणावर ताणली जाऊ नये आणि रस्त्याला घासू नये, इतकीच ढील ठेवावी. जीप धानाच्या पोत्यांशेजारी उभी राहत असेल तर तारा जाड नळीत घालाव्यात. उंदीर आधी धान खातात, नंतर वायर.

चाचणी

एकाने सीटवर बसून ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून ‘लागला’ म्हणावे. मागे उभा केलेला भाचा मोबाइल पाहत असल्यास प्रत्येक दिवा लागतो. त्यापेक्षा पेडलवर फळीचा टेकू लावून स्वतः मागे जाऊन पाहावे. दिवे एकेक तपासून झाले की सगळे एकदम लावावेत. अर्थिंगचा दोष तेव्हाच उघडा पडतो.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे जीपचे शेपूट नसून स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. खासगी जीपच्या नोंदणीचे १५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्या तपासणीत लाल फडके दिवा म्हणून धरले जात नाही.

निष्कर्ष

हेडलाइट मालकाच्या सोयीचा असतो, टेललॅम्प मागून येणाऱ्या परक्याच्या. म्हणून तो सर्वांत शेवटी बसवला जातो आणि सर्वांत आधी बंद पडतो. ज्या ट्रेलरचे दिवे लागत नाहीत तो सूर्यास्तानंतर रस्त्यावर काढू नये, मग आत कितीही धान भरलेले असो.