तार येईना!

संत्र्याच्या बागेत गवताला वाढायला निमित्त लागत नाही. मृगाच्या दोन सरी पडल्या की केना, तरोटा, हराळी, गाजरगवत सगळे हजर. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरवरच असतात, त्यामुळे वखर खोल घालता येत नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत. म्हणून अचलपूर-परतवाड्याकडे धुऱ्याधुऱ्यावर हल्ली ब्रश कटर ओरडत असतो. ओरडतो म्हणतोय, कापतो म्हणत नाही. इंजिन फुल आणि कापणारी नायलॉनची तार गायब, ही आमच्याकडची पावसाळ्यातली नेहमीची अवस्था.

मशीन बंद पडलं तर मालक एकटाच असतो. चालू राहून कापेना झालं, की चारी धुऱ्यांवरची माणसं जमतात. "आवाज तं झकास हाये, मंग कापत काऊन नाही?" एक जण प्लग काढतो, दुसरा कार्बोरेटर उघडतो, तिसरा पेट्रोलात टू-टी ऑइल किती टाकलं याची उलटतपासणी घेतो. चौथ्याच्या साळ्याकडे असंच मशीन असतं आणि ते कधीच बिघडत नाही. तार सोडणाऱ्या खालच्या हेडकडे कुणी पाहत नाही, कारण त्यासाठी वाकावं लागतं.

परतवाड्याचा मिस्त्री इंजिनाला हातही लावत नाही. "तार कोणं भरली?" एवढंच विचारतो. मालक पुतण्याकडे पाहतो, पुतण्या आभाळाकडे.

हेडमध्ये एक रीळ, एक स्प्रिंग आणि खाली बटण. हेड जोरात फिरत असताना बटण जमिनीवर हलकेच टेकवलं, की रीळ क्षणभर सुटतं आणि फिरण्याच्या जोरानं तार बाहेर फेकली जाते. पण ती रिळावरच्या बाणाच्या उलट गुंडाळली, वेढे एकमेकांवर चढवले, किंवा 'घडीघडी कोण भरते' म्हणून काठोकाठ कोंबली, की संपलं. वेढे घासून तापतात आणि नायलॉन एकमेकांना चिकटून बसतं. टोक आतच तुटलं असेल तर आपटून काही होत नाही, ओढायला बाहेर काही उरलेलंच नसतं. तरी लोक आपटतात. ठोकल्याशिवाय हलत नाही आणि जास्त ठोकलं तर फुटतं, या बाबतीत हेड आणि पुतण्या सारखेच. वर बहुतेक मशीनला हेडचे आटे उलटे. नेहमीच्या बाजूनं सोडवायला जाल, तर ते आणखी आवळतं.

तारेनं गवत कापायचं यंत्र काढलं अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी, 1971 साली. मोटारी धुणारे गरगर फिरणारे ब्रश पाहून त्यांना कल्पना सुचली. मग पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यांत मासे पकडायची दोरी ओवली. गृहस्थ मुळात नाचाच्या शाळा चालवणारे. दगड नडगीवर उडाला की आपल्याकडचा शेतकरी जे करतो, त्याचा उगम तिथे असावा.

आमच्याकडचं खरं दुखणं मात्र उन्हाळा. पंचेचाळीस अंशांत टिनाच्या शेडमध्ये खुंटीला लटकलेली तार जुलैपर्यंत कडक होते आणि पहिल्याच धसकटावर तुटते. उपाय फुकटचा आहे: नायलॉन पाणी पितं, म्हणून तार रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी ती लवचीक होते. स्वयंपाकघरात बादली ठेवल्यावर "हे सकाळी शिजवाचं हाये काय बाप्पा?" असा प्रश्न येतो, त्याला उत्तर देऊ नये.

आणि तार सुरळीत यायला लागली, की नवा उत्साह थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत पोचतो. तेवढं करू नका. नायलॉनची तार कोवळी साल सोलते आणि त्या जखमेतून डिंक्या रोग शिरतो. बुंध्याभोवतालचं हातभर गवत विळ्यानंच काढा. बाकी हेड खुशाल उघडा, पण आधी खाली दुपट्टा अंथरा. गवतात उडालेली स्प्रिंग अख्खं गाव जमलं तरी सापडत नाही.