ऐकू येतंय का?

दुचाकीवर पुढच्याने आणि मागच्याने एकमेकांशी कसं बोलायचं, याची आपल्याकडे वर्षानुवर्षांची रीत ठरलेली होती. मागचा काहीतरी बोलतो. पुढचा मान जराशी वळवून "काय?" म्हणतो. मागचा आवाज एक पट्टी चढवून तेच पुन्हा सांगतो. पुढचा पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा विचारणं बरं दिसत नाही, म्हणून मग तो "हो, हो" म्हणून टाकतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत नवे सोफे आले, दूरचे भाचे शिकायला राहायला आले, ते या "हो, हो"वर. घरी पोचल्यावर "तुम्हीच तर हो म्हणालात" या निकालावर अपील नसे.

शिवाय बिनशब्दांचा एक व्यवहार होता. उजव्या खांद्यावर बोट टेकलं की उजवीकडे वळायचं. पाठीवर दोन थापा म्हणजे थांबा, ओढणी चाकाकडे चाललीय. कमरेला चिमटा म्हणजे तो सिग्नल लाल होता. चिमट्याला उत्तर देण्याची सोय नव्हती, आणि एकंदरीत संसाराच्या दृष्टीने ते बरंच होतं.

मग हेल्मेट आलं. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम पुढच्यालाही लागू आहे आणि मागच्यालाही. पण पुण्यात कायदा आधी चर्चेला घेतात. जानेवारी 2019 मध्ये सक्ती झाली तेव्हा काही मंडळी पुणेरी पगड्या घालून मोर्चाला निघाली होती. "हेल्मेटमध्ये मागचा हॉर्न ऐकू येत नाही" ही त्या काळात कट्ट्याकट्ट्यावर निघणारी तक्रार. हॉर्नचं मला ठाऊक नाही, पण मागचं माणूस ऐकू येत नाही हे खरं. ताशी साठ-पासष्टच्या पुढे गाडी गेली की इंजिनापेक्षा वाराच जास्त बोलतो. दोन डोकी, दोन्हींवर जाड कवच, मध्ये वारा. माझं म्हणणं असं की ही फार सुखाची वर्षं होती.

त्या सुखाचा शेवट पुतण्याने केला. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने हेल्मेटला लावायच्या इंटरकॉमची जोडी आणली. "काका, आता काकूला ओरडावं लागणार नाही," असं तो म्हणाला. काकूला ओरडावं लागतं हा शोध त्याला कुठून लागला, ते मी विचारलं नाही.

हे यंत्र हेल्मेटच्या डाव्या कडेला क्लॅम्पने बसवतात, कारण उजवा हात अॅक्सिलरेटरवर अडकलेला असतो. बोटभर लांबीची डबी, तिच्यातून निघालेल्या वायरी, टोकांना दोन चपटे स्पीकर आणि एक माइक. हेल्मेटच्या आतल्या गालाकडच्या गाद्या टिचबटणांवर असतात आणि त्या काढून धुता येतात, ही माहिती आम्हाला त्या दिवशी मिळाली. गाद्या निघाल्या आणि मागचे सगळे उन्हाळे एकदम बाहेर आले. हिने त्या दोन बोटांत धरून थेट बादलीत टाकल्या, त्यामुळे कामाला सुरुवात दुसऱ्या दिवशी झाली. वायरी अस्तराखाली सारायला चमच्याचा दांडा चांगला. माइकला मात्र पुढची आणि मागची बाजू असते. ती उलटी बसली की वारा स्पष्ट ऐकू येतो आणि माणूस अस्पष्ट.

खरी मेख स्पीकरमध्ये आहे. तो अगदी कानाच्या भोकासमोर यावा लागतो. चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी खालचे सूर नाहीसे होतात. पहिल्यांदा मी भीमसेनांचा अभंग लावून पाहिला, तर पखवाज गायब आणि नुसते टाळ. हेल्मेट घातल्यावर आत कान नेमका कुठे येतो हे बाहेरून दिसत नाही, आणि आतून पाहायला डोळे मोकळे नसतात. शेवटी हिनेच शक्कल काढली. माझ्या दोन्ही कानांना ओलं कुंकू लावलं, हेल्मेट घालायला लावलं आणि काढायला लावलं. आत दोन लाल ठसे उमटले होते. तिथे वेल्क्रो चिकटवलं आणि पखवाज परत आला. तेवढ्यात दारात कुरिअरवाला उभा राहिला. लाल कानांनी त्याच्यापुढे सही करताना मी कोणताही खुलासा केला नाही.

मग जोडणी. दोन्ही डब्यांची बटणं लाल-निळा दिवा लुकलुकेपर्यंत एकाच वेळी दाबून धरायची, म्हणजे त्या एकमेकींना ओळखतात. आमच्या ओळखल्या नाहीत. माझी डबी तिच्या डबीला शोधत राहिली आणि तिची डबी पुतण्याच्या मोबाइलला जाऊन मिळाली, कारण त्याने आधी त्यावर गाणी लावून पाहिली होती. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवलेलं रिकामं हेल्मेट एकाएकी वाजायला लागलं. हिने ते उचलून कानाशी धरलं आणि आतून एका मुलीचा आवाज आला, "अरे, तू आहेस कुठे?" पुतण्याने बाकीची जोडणी विलक्षण चपळाईने पूर्ण केली.

हे यंत्र चालतं कसं, याचा किस्सा मात्र यंत्राहून रंगतदार आहे. ब्लूटूथ ज्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं, तिथे परवाना लागत नाही; म्हणून घराघरातलं वाय-फाय तिथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. या गर्दीत ते एका जागी थांबतच नाही. नेहमीचं ब्लूटूथ त्या पट्ट्याचे 79 भाग पाडतं आणि सेकंदाला 1600 वेळा एका भागातून दुसऱ्यात उडी मारतं. दोन्हीकडच्या डब्यांना उड्यांचा क्रम ठाऊक असतो, इतरांना नसतो. अशा उड्यांचं एक पेटंट ऑगस्ट 1942 मध्ये हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळालं होतं. रेडिओवर चालणाऱ्या टॉर्पेडोचा संदेश शत्रूला बिघडवता येऊ नये, यासाठी ही युक्ती होती. उड्या 88 वारंवारतांमधून मारायच्या, म्हणजे पियानोच्या पट्ट्यांइतक्या, आणि त्यांचा क्रम आपोआप वाजणाऱ्या पियानोतल्या भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीने सांभाळायचा. अमेरिकी नौदलाने ती त्या युद्धात वापरली नाही. तीच कल्पना आता चांदणी चौकाच्या पुलावर "अहो, गॅस बंद केला होता ना?" हे वाक्य सुखरूप माझ्या कानापर्यंत आणून सोडते. टॉर्पेडोचा परिणाम याहून फार वेगळा झाला नसता.

वाक्य ऐकू आलं, हीच अडचण. "काय?" म्हणण्याची सोय संपली. "हो, हो"चा तर बाजारच उठला, कारण हो म्हटलं की लगेच "काय हो?" अशी उलटतपासणी. हे यंत्र दुहेरी चालतं हेही हळूहळू ध्यानात आलं. गाडी चालवताना मी रिक्षावाल्यांना, पालिकेला आणि उजवीकडचा इंडिकेटर देऊन डावीकडे वळणाऱ्यांना उद्देशून तोंडातल्या तोंडात काही बोलत असतो. "तुम्ही रोज असंच बोलता?" तिने कर्वे रस्त्यावर शांतपणे विचारलं. तेव्हापासून माझी भाषा सुधारली आहे आणि रक्तदाब थोडा वाढला आहे.

यानंतर आमच्या रविवारच्या टोळक्यानेही ही यंत्रं घेतली. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळ्यांचे गुडघे तक्रारखोर. प्रत्येकाने वेगळ्या कंपनीचं यंत्र घेतल्यामुळे पहिला महिना त्यातच गेला. या कंपन्यांमध्ये रोटीव्यवहार होतो, बेटीव्यवहार नाही. दुसऱ्या कंपनीची डबी जोडायची तर तिला मोबाइल असल्याचं सोंग घ्यावं लागतं. शेवटी सगळ्यांनी एकाच कंपनीची घेतली, आणि पौडपासून सगळ्यांचे आवाज प्रत्येकाच्या डोक्यात एकदम शिरले. शिरले म्हणजे शब्दशः. समोर बसलेल्याचा आवाज समोरून येतो. हा कवटीच्या मधोमध उगवतो. सर्वांत मागे राहिलेला अण्णा आणि पुढे धावणारा बापू, दोघेही तिथेच बसून बोलतात. "पुढे वाळू आहे", "डावीकडून एसटी येतेय", "म्हशी!" एवढ्यासाठी हे यंत्र लाखमोलाचं आहे, यात मला शंका नाही. पण म्हशी गेल्यावर माणसं गप्प बसत नाहीत. अण्णाने सोसायटीच्या लिफ्टचं प्रकरण काढलं, बापूने जावयाचं. मुळशीला चहाला थांबलो तेव्हा ध्यानात आलं की बोलायला काही शिल्लकच नाही. आधी आम्ही वाटभर एकेकटे असायचो आणि टपरीवर सगळं साचलेलं बाहेर पडायचं. आता सगळे मुकाट्याने चहा फुंकत बसलो. टपरीवाल्याने विचारलं, "भांडण झालं का साहेब?"

यातून आम्हाला सोडवलं ते ताम्हिणीने. खोक्यावर पल्ला 1200 मीटर लिहिलेला असतो, पण तो उघड्या माळावरचा. या लहरी सरळ रेषेत जातात, वळणामागे वाकत नाहीत. सह्याद्रीने मोठमोठ्या फौजा अडवल्या, तिथे या डब्यांची काय कथा! पाणी चालतं, एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी काही होणार नाही असं लिहिलंय, आणि ताम्हिणीचा पाऊस आडवा येतो तरी ती टिकतेही. डोंगर चालत नाही. घाटात वळण आलं की वाक्य तुटतं. "आणि मग जावई सरळ उठला आणि म्हणाला की—" एवढ्यावर कातळ आडवा येतो. पुढचं वळण सुटेपर्यंत बापू वेगळ्याच वाक्यात असतो. मग निजामपूरला पोचेपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात अर्धवट वाक्यं आणि स्वतःचे अंदाज. माझा जावई उठून घर सोडून गेला होता, दुसऱ्याचा पैसे मागत होता. चहा यायच्या आत चौघे एकदम बोलायला लागले. खरं म्हणजे जावई म्हणाला होता की जरा मीठ द्या.

त्या दिवशी सगळ्यांत मागे राहिलेला अण्णा दहा मिनिटं उशिरा आला. हेल्मेट काढून बाकावर ठेवलं, चेहरा समाधानी. "मग? काय वाटतं तुम्हाला?" म्हणाला.

"कशाबद्दल?"

"लिफ्टबद्दल. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं की घाटभर. कोणी मध्ये बोललं नाहीत, म्हटलं, चला, एकदा तरी नीट ऐकताहेत."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बापू सावधपणे म्हणाला, "अण्णा, शेवटचं तेवढं पुन्हा सांग."

"एकदा सांगून झालंय," अण्णा म्हणाला आणि त्याने कांदाभजी मागवली.