जंक्शनला गाडी येत नाही

बारामतीहून इंदापूरकडे निघालेल्या एसटीत कंडक्टर "जंक्शनवाले पुढं या!" म्हणून ओरडतो, तेव्हा पुण्याहून आलेला पर्यटक खिडकीतून फलाट शोधायला लागतो. फलाट नसतो. रूळ नसतात, सिग्नल नसतो, लाल डगल्यातला हमाल नसतो. चहाच्या टपऱ्या, रसवंतीगृह, वडापच्या गाड्या आणि वालचंदनगरकडे फुटणारा रस्ता, एवढा सगळा मामला असतो. इंदापूर तालुक्यात जंक्शन हे एका गावाचं नाव आहे आणि तिथे रेल्वे येत नाही, यात गावकऱ्यांना काहीही चमत्कारिक वाटत नाही. पर्यटकाला वाटतं. पण त्याचा दिवस आत्ता कुठे सुरू झालेला असतो.

याच रस्त्यानं अंथुर्णे मागे टाकलं की शेळगाव. इथे उतरून "पाहण्यासारखं काय आहे हो?" असं विचारणाऱ्यालाच पारावरची मंडळी आधी पाहून घेतात. मग उलटा प्रश्न येतो, "कुणाकडं आलाय?"

"कुणाकडे नाही. असंच, बघायला."

हे उत्तर कुणी खरं मानत नाही. पुण्याचा माणूस, डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा आणि बघायला आलाय, म्हणजे जमीनच बघायला आलाय, हे उघड असतं. त्यामुळे पुढच्या पाच मिनिटांत त्याला बागायतीचा भाव, जिरायतीचा भाव, विहिरीला पाणी किती आणि वाटणीचा दावा कुठे अडकलाय हे सगळं न विचारता कळतं. चहाही मिळतो. त्याचे पैसे द्यायला गेलं तर "ऱ्हाऊ द्या की पाव्हणं" म्हणून हात धरला जातो. प्रेक्षणीय स्थळ मात्र एकही सांगितलं जात नाही.

याचा अर्थ ते नाही असा नव्हे. तालुक्यात पाहण्यासारखं भरपूर आहे. फक्त ते आपल्या मर्जीनं दिसतं, पाहणाऱ्याच्या नाही.

सर्वांत पहिला मान वालचंदनगरचा. वालचंद म्हटल्यावर मराठी माणसाला सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं. ज्यांच्या नावानं ते कॉलेज आहे ते वालचंद हिराचंद दोशी 1882 साली सोलापुरात जन्मले, रेल्वेच्या कंत्राटदारीत शिरले, बोरघाटातले बोगदे खोदले आणि तिथेच थांबले असते तरी नाव राहिलं असतं. पण गृहस्थांना एका जागी बसवत नसावं. 1919 साली भागीदारांबरोबर सिंधिया कंपनी काढून त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेलं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला धाडलं. ते निघालं तो 5 एप्रिल आता देशभर सागरी दिन म्हणून पाळतात. 1940 मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना सुरू केला, तोच पुढे सरकारी 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स' झाला. विशाखापट्टणमला जहाजबांधणी, कुर्ल्याला प्रीमियर मोटार. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत ज्यांनी आयुष्यभर मीटरवरून भांडणं केली, त्यांनी ती वालचंदांच्याच कारखान्यातून निघालेल्या गाडीत बसून केली.

आकाश, पाणी आणि रस्ता असं तिन्हीकडचं वाहन करणाऱ्या माणसाला साखरही लागते, आणि ती विमानं-मोटारींच्या आधीच लागली. नीरा डाव्या कालव्याचं पाणी इंदापूरच्या दुष्काळी माळाला आधीच पोचलं होतं. 1932 साली सरकारनं देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला आणि ज्याच्या हाती जमीन, पाणी नि भांडवल होतं तो साखर कारखान्याचा विचार करू लागला. वालचंदांनी नाशिक जिल्ह्यात रावळगावला एक आणि इथे नीराकाठी कळंबला दुसरा, असे लागोपाठ दोन कारखाने उभे केले. रावळगावनं पुढे महाराष्ट्राच्या पोरांचे दात किडवले. त्या गोळ्यांचा छाप 2024 मध्ये रिलायन्सनं विकत घेतला. कळंबच्या माळावर कारखान्याबरोबर अख्खं गाव वसलं आणि त्याला मालकांचं नाव मिळालं. सहकारातला पहिला साखर कारखाना प्रवरानगरला सुरू झाला तो 1950 मध्ये. म्हणजे पुढे ज्या जिल्ह्यांत सहकाराचं राज्य आलं, तिथे खासगी साखर त्याच्याही बरीच आधी पिकत होती. हल्ली खासगी विरुद्ध सहकारी असा वाद पेटला की दोन्ही बाजू ही गोष्ट सोयीनं विसरतात.

आता वालचंदनगरात पर्यटक साखर शोधत फिरतो, तर ज्या साखरेपायी हे नगर वसलं ती इथे होत नाही. कारखाना बंद पडला. ऊस आहे, रस्त्यावर ऊस भरलेले ट्रॅक्टर आहेत, पण ते दुसऱ्या कारखान्यांकडे निघालेले. गावात कामगारांच्या वसाहतीच्या ओळी, साहेबांचे बंगले, मोठी जुनी झाडं, दवाखाना, बाजार, वर्धमान विद्यालय. एका मालकानं आखून वसवलेल्या गावाची शिस्त अजून जागोजागी दिसते: रस्ते सरळ आहेत, ही पश्चिम महाराष्ट्रातल्या गावात सहज आढळणारी गोष्ट नव्हे. पर्यटक फोटो काढतो. सायकलवरून जाणारे एक निवृत्त गृहस्थ थांबतात आणि विचारतात, "कुठल्या खात्यातनं?"

या प्रश्नात गावाचा सगळा इतिहास आला. इथे माणूस एकतर गावात राहतो किंवा तपासणीला येतो. तिसरी जात ठाऊक नाही.

आणि तपासणीला येतात, त्याला कारण आहे. साखर गेली तरी यंत्रशाळा राहिली. 'वालचंदनगर इंडस्ट्रीज' आधी साखर कारखान्यांची यंत्रं करू लागली, मग सिमेंटची, मग अणुऊर्जेची, नौदलाची आणि इस्रोचीसुद्धा. 14 जुलै 2023 ला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-3 निघालं, तेव्हा रॉकेटच्या दोन्ही अंगांना जे दोन जाडजूड पांढरे बूस्टर दिसले, त्यांच्या आवरणाचे खंड आणि शेपटीकडच्या नोझलचे भाग या ऊसपट्ट्यात घडलेले होते. बूस्टरचं नाव एस-200. लांबी साधारण 25 मीटर, व्यास 3.2 मीटर, आत दोनशे टनांवर घन इंधन. उड्डाणाच्या क्षणी पेटतात ते हेच दोन. मधली द्रवइंधनाची इंजिनं नंतर पेटतात. म्हणजे चंद्राकडे जायचा पहिला धक्का इंदापूर तालुक्यानं दिला, असं म्हणायला कुणाची हरकत नसावी. तालुक्याची तर मुळीच नाही.

हे आवरण म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्यावं. खास पोलादाचं कडं, इतकं रुंद की आत उभ्या माणसानं हात वर केले तरी वरचा काठ लागायचा नाही. आत इंधन पेटल्यावर तो सगळा दाब या पोलादी भिंतीनं पेलायचा, आणि भिंत विनाकारण जाड करून चालत नाही, कारण वाढलेला प्रत्येक किलो आकाशात उचलून न्यावा लागतो. जोडाच्या प्रत्येक वेल्डिंगची तपासणी होते. शेजारच्या शेतात ट्रॉलीचा साखळदंड तुटला तर तारेनं बांधून हंगाम काढणारी मंडळी आणि आतमध्ये केसाएवढ्या फटीसाठी काम परत पाठवणारी मंडळी एकाच गावातली, बहुतेक वेळा एकाच घरातली असतात.

पर्यटकाला हे पाहायचं असतं. फाटकावरचा पहारेकरी शांतपणे नकार देतो. संरक्षणाचं आणि अवकाशाचं काम, आत कोण सोडणार? बरोबरच आहे. मग राहतं काय? इथली सर्वांत नामांकित वस्तू फाटकाआड बनते, श्रीहरिकोट्याला जाते, टीव्हीवर दोन मिनिटं दिसते आणि जळून संपल्यावर बंगालच्या उपसागरात पडते. गावातल्या माणसानंही ती पाहिली ती टीव्हीवरच. पर्यटक फाटकाचा फोटो काढायला मोबाइल वर करतो, तेव्हा पहारेकरी त्यालाही नको म्हणतो.

निराश होऊन तो उजनीकडे वळतो. 1980 साली पुऱ्या झालेल्या या धरणाच्या पाण्यात पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ बुडालं. पाणी फार उतरलं की त्याचं शिखर वर येतं, आणखी उतरलं की खांबही. उजनीची साठवण सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, आणि टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे. त्यामुळे उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत 'उजनी वजा 30 टक्के' अशा बातम्या येतात आणि शाळेत शिकलेलं गणित क्षणभर डळमळतं. शेतकरी आभाळाकडे बघून हात जोडत असतो, त्याच आठवड्यात कॅमेरेवाले देवळाकडे धावत असतात. हेमाडपंती कोरीवकाम डोळे भरून पाहायचं तर दुष्काळ पडायला हवा, अशी अट असलेलं दुसरं प्रेक्षणीय स्थळ सहज आठवत नाही.

पक्षी त्या मानानं दिलदार. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावच्या फुगवट्यावर रोहित येतात आणि एकेकाळी फक्त जाळं टाकणारे मच्छीमार आता होडीत बसवून पक्षी दाखवतात. "तो बघा, बार-हेडेड गूज, हिमालय ओलांडून आलाय," असं नावाडी सहजपणे सांगतो, तेव्हा मराठी नाव आठवायचा प्रयत्न करणारा पुणेकर गप्प बसतो. किनाऱ्यावर परतल्यावर चिलापी तळून मिळते, त्यावर कुणी वाद घालत नाही. चित्रबलाक तर खुद्द इंदापुरात, तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर वीण घालत आलेत. सरकारी आवारात, एकाही दाखल्याविना घर बांधणारे ते बहुधा एकटेच.

शेजारची बारामती ही तर कवीची नगरी. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं इथे राहिलेल्या मोरोपंतांनी (1729–1794) एकशे आठ रामायणं लिहिली असं म्हणतात. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठ न मिटता म्हणायचं. प, फ, ब, भ, म वर्ज्य. आता म वर्ज्य म्हटल्यावर ज्याचं रामायण त्याचं नावच घेता येईना. कऱ्हेकाठच्या या पठ्ठ्यानं रामाला न बोलावता रामायण तडीस नेलं. जंक्शनमध्ये रेल्वे नाही म्हणून नाराज झालेल्यानं हे ध्यानात घ्यावं.

एकच गोष्ट इथे ठरल्या वेळी, सगळ्यांसमोर, फुकट दिसते: तुकोबांची पालखी. आषाढीआधी ती याच रस्त्यानं जाते. काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती धावत रिंगण करतात. बेलवाडीला अश्वांचं गोल रिंगण होतं. त्या दिवशी शेळगावच्या रस्त्यावर "कुणाकडं आलाय?" असं कुणी विचारत नाही. जेवायला बसवतात.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्रात चौकाचौकांत निवृत्त रणगाडे उभे आहेत, कॉलेजांच्या आवारात जुनी मिग विमानं आहेत. मग वालचंदनगरच्या फाटकाबाहेर 3.2 मीटर व्यासाचं एखादं बाद ठरलेलं कडं उभं करायला काय हरकत आहे? कंपनीनं आणि इस्रोनं मनावर घ्यावं. त्यातून शाळेची पोरं आरपार चालत जातील, पालखीतले वारकरी हात लावून पाहतील, आणि शेळगावच्या पारावरच्या मंडळींनाही पाहुण्याला सांगायला एक ठिकाण होईल. तोवर ज्यांना जायचं त्यांनी डिसेंबर ते मार्चमध्ये जावं. पहाटे कुंभारगावची होडी, दुपारी वालचंदनगरची झाडं आणि येताना निमगाव केतकीची पानं. एवढं मात्र पाळावं: उसाचा हंगाम असेल तर अंधार पडायच्या आत परतावं. डबल ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि ड्रायव्हरच्या टेपवरच्या गाण्यापुढे हॉर्न ऐकू जात नाही.