दहा फुटांची ऐट

अमेरिकेतला ट्रकमालक नवा ड्रॉप डेक ट्रेलर मागवतो, तेव्हा हेतू सरळ असतो. पुढचा उंच भाग संपला की डेक पायरीसारखा खाली उतरतो, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर. बहुतेक राज्यांत एकूण उंचीची मर्यादा साडेतेरा फूट, म्हणून दहा फुटी यंत्र मावते.

इथवर गणित. पुढे हौस.

48 फूट लांबी पुरली असती. पण शेजाऱ्याकडे 53, मग आपलेही 53! मागचे दोन अ‍ॅक्सल जवळ असतील तर त्यांच्यावर 34,000 पौंड चालतात. दहा फूट लांब ठेवले तर 40,000. नुसते अंतर राखल्याचे बक्षीस सहा हजार पौंड! (जावाजावांनी नोंद घ्यावी.) मात्र अशा जोडीला वळणावर टायर घासायची खोड असते. ती मोडायला एका अ‍ॅक्सलच्या सस्पेन्शनची हवा सोडणारा व्हॉल्व्ह हवा, पैसे वेगळे. त्यात कॅलिफोर्निया 53 फुटी ट्रेलरची किंगपिनपासून (ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या खिळीपासून) शेवटच्या अ‍ॅक्सलपर्यंतची लांबी मोजतो. 40 फुटांपेक्षा जास्त भरली, की ऐट दंडात.

वजन वाचावे म्हणून पोलादाऐवजी महागडे अ‍ॅल्युमिनियम घेतात. वाचलेल्या वजनात टूलबॉक्स, साखळ्या आणि रॅम्प भरतात.

अ‍ॅक्सलचा निर्णय चहा संपेपर्यंत होतो. शोभेच्या दिव्यांची संख्या ठरायला आठवडा जातो.