तुमच्याकडे कसं दिसतंय?

लग्न जमवणारा मध्यस्थ, सोसायटीचा सेक्रेटरी आणि पायथॉनमध्ये डेस्कटॉपची सॉफ्टवेअरं करणारा माणूस, ही एकाच मातीची तीन मडकी. तिघांनाही सगळ्यांची मर्जी सांभाळायची असते, आणि सगळं सुरळीत पार पडलं की तिघांपैकी एकाचंही नाव निघत नाही. पहिले दोन नमुने तुम्ही पाहिलेले असणार. तिसरा आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी त्याला खिडकीकार म्हणतो. चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ दिवसभर खिडक्या बनवतो, पण त्याच्या खोलीची खरी खिडकी मी कधी उघडी पाहिलेली नाही. स्क्रीनवर चकाकी येते म्हणे.

रविवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली की समजायचं, तोच. हातात पेनड्राइव्ह, आणि नव्या सुनेने पहिल्या आमटीची वाटी पुढे करावी तसा चेहरा. "काका, दोनच मिनिटं. तुमच्याकडे कसं दिसतंय तेवढं बघायचंय." पहिल्यांदा त्याने हे विचारलं तेव्हा मी भाबडेपणाने म्हणालो, "छान दिसतंय की! समोर गुलमोहर आहे."

त्याला मोह माझ्या लॅपटॉपचा. लॅपटॉप जुना आणि त्यावरची अक्षरं माझ्या मोतीबिंदूच्या कृपेने दीडशे टक्क्यांवर नेलेली. असं यंत्र त्याला बाजारात मिळत नाही. त्याने आपला प्रोग्राम उघडला. मी म्हटलं, "पुसट दिसतंय रे. पण ते माझे डोळे असतील." तो खुर्चीतून उठलाच. "नाही काका, डोळे उत्तम आहेत! माझी खिडकी मोठ्या अक्षरांना तयार आहे, हे विंडोजला सांगायचं राहिलं माझ्याकडून. म्हणून ते बिचारं छोटं चित्र ताणून मोठं करतंय." डोळ्यांच्या डॉक्टरांनी इतकी आनंदाची बातमी मला कधी दिली नव्हती. पोहे खाऊन तो गेला. दोन मिनिटं पावणेअकराला संपली.

हे सगळं चाललं होतं एका तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्गाच्या वाचनालयासाठी. पुस्तकांची देवघेव, वर्गणी, थकबाकी, दाखल क्रमांक, एवढंच काम. गावात पावसाचे चार थेंब पडले की इंटरनेट जातं, म्हणून वेबसाइट नको, कॉम्प्युटरवरच बसणारा प्रोग्राम हवा. इथपर्यंत ठीक. पण वाचनालयात कॉम्प्युटर तीन. ग्रंथपालबाईंच्या टेबलावर विंडोज. कार्यवाहांकडे मुलीने परदेशातून पाठवलेला मॅक. बालविभागात देणगीत आलेलं एक जुनं यंत्र. त्यावर विंडोज धापा टाकायला लागलं तेव्हा गावातल्याच इंजिनिअरिंगच्या एका पोराने लिनक्स घातलं. एक वाचनालय आणि तीन घराण्यांचे कुलाचार.

कुलाचार म्हणजे किती, ते मला खिडकीकाराकडून कळलं. विंडोजमध्ये 'ओके' डावीकडे आणि 'कॅन्सल' उजवीकडे. मॅकमध्ये नेमकं उलट, होकार सहसा उजव्या टोकाला. लिनक्समध्ये परत दोन भाऊबंद, त्यातलं ग्नोम मॅकसारखं वागतं आणि केडीई विंडोजसारखं. मेनू विंडोजमध्ये खिडकीच्या कपाळावर असतो, मॅकमध्ये थेट स्क्रीनच्या माथ्यावर. विंडोजमध्ये शेवटची खिडकी मिटली की सहसा प्रोग्राम संपतो. मॅकमध्ये खिडकी मिटली तरी तो आत बसूनच असतो, पाहुणे निघाले म्हणून दारापर्यंत जावं आणि तिथे अर्धा तास गप्पा चालाव्यात तसा. चित्राच्या फाइलचं नाव मोठ्या 'एल'ने ठेवलं आणि प्रोग्राममध्ये छोटा 'एल' लिहिला, तर विंडोज आणि मॅक कानाडोळा करतात. लिनक्स जुन्या शाळेच्या हेडमास्तरांसारखं म्हणतं, अशी फाइल इथे नाही.

"आणि माउसचं चाक, काका!" हे सांगताना त्याचा आवाज घोगरा होतो. टीके-इंटर नावाच्या त्याच्या अवजाराच्या जुन्या आवृत्तीत चाक एक खाच फिरवलं की विंडोज म्हणतं १२०. मॅक म्हणतो १. आणि लिनक्स चाक मानतच नाही, त्याच्या लेखी ती चार नंबरची आणि पाच नंबरची बटणं. "चाक एकच ना रे?" मी विचारलं. "चाक एकच," तो म्हणाला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.

या तिन्ही घरांत वावरायला मध्ये एक दुभाष्या लागतो. खिडकीकाराने आजवर चार केले. लोक गुरू बदलतात, आहारतज्ज्ञ बदलतात, तसे याने दुभाषे बदलले.

पहिला टीके-इंटर. पायथॉन ही भाषा १९९१ साली गिदो व्हान रॉसम यांनी बाहेर आणली. नाव सापावरून नाही, माँटी पायथॉन या इंग्रजी विनोदी मंडळींवरून. टीके त्याच सुमाराचं, बर्कलीच्या जॉन आउस्टरहाउट यांचं. ते मुळात टिकल नावाच्या दुसऱ्याच भाषेसाठी केलेलं. पुढे पायथॉनच्या घरी राहायला आलं आणि घरचंच झालं. वेगळं आणावं लागत नाही, पायथॉनबरोबर येतं. लिनक्सच्या काही घरी मात्र ते वेगळं मागावं लागतं, आणि मागायला विसरलं की प्रोग्राम पहिल्याच ओळीत मान टाकतो. टीकेत बटणं मांडायच्या दोन रीती, 'पॅक' आणि 'ग्रिड'. दोघी सुगरणी, पण एका ओट्यावर उभ्या करायच्या नाहीत. पूर्वी केल्या तर दोघी एकमेकींची भांडी सरकवत बसायच्या आणि खिडकी उघडायचीच नाही. आता टीके आधीच भांडण जाहीर करून थांबतं. चित्राची तऱ्हा आणखी न्यारी. बटणावर चित्र लावलं आणि ते प्रोग्राममध्ये कुठेतरी धरून ठेवलं नाही, तर पायथॉन त्याला बेवारस समजून केरात टाकतो. बटण राहतं, चित्र जातं. "धरून ठेवायला लागतं, काका," तो म्हणतो. त्याची बायको आतून म्हणते, "हे याला चित्रांच्या बाबतीत कळतं."

दुसरा डब्ल्यूएक्स, १९९२ साली एडिंबरो विद्यापीठात जन्मलेला. याच्या नावात आधी 'विंडोज' होतं. मायक्रोसॉफ्टने हरकत घेतल्यावर २००४ साली ते बदलून 'विजेट्स' झालं. हा स्वतः काही रंगवत नाही, ज्या घरी जातो त्या घरचीच बटणं मागून घेतो. तिसरा टोगा, पद्धत तीच, पण वयाने पोरसवदा. रोमला गेलं की रोमनांसारखं वागावं, आणि रोमन तर टोगा नेसत, म्हणून हे नाव. हे ऐकून मी टाळीच दिली. "म्हणजे देश तसा वेश!" खिडकीकार गंभीर झाला. "हो काका. पण तीन देशांत जायचं म्हणजे तीन वेश आणि तीन इस्त्र्या."

चौथा क्यूटी. नॉर्वेच्या दोघांनी १९९५ साली लोकांपुढे आणला. त्यातल्या एकाला आपल्या एडिटरमधलं 'क्यू' हे अक्षर देखणं वाटलं म्हणून नावात क्यू. उच्चार मात्र करायचा 'क्यूट'. पायथॉनमधून त्याच्याकडे जायच्या वाटा दोन, पायक्यूटी आणि पायसाइड. एकाच वाड्यातल्या दोन जावा. स्वयंपाक जवळजवळ सारखा, पण अटी वेगळ्या. पायक्यूटी म्हणते, तुमचाही प्रोग्राम सगळ्यांना खुला करा, नाहीतर पैसे मोजा. २००९ साली नोकियाने आणलेली पायसाइड त्या मानाने सोशीक. या दोघींमधून निवडताना खिडकीकाराने जितके कायद्याचे कागद वाचले, तितके त्याने फ्लॅट घेताना वाचले नव्हते.

पण वाचनालयाच्या प्रोग्रामसाठी त्याला टीके सोडायला लावलं ते एका वेलांटीने. प्रोग्राम विंडोजवर झाला, मॅकवर झाला, बालविभागातल्या लिनक्सवर उघडला, आणि 'विनोद' या विभागाची वेलांटी 'व'च्या अलीकडे बसायच्या ऐवजी पलीकडे जाऊन उभी राहिली. जोडाक्षरांनी घटस्फोट घेतला. आपली ऱ्हस्व वेलांटी बोलायला मागून आणि लिहायला आधी; हा मराठी कावा लिनक्सवरच्या टीकेला उमगत नाही. क्यूटीला उमगतो, कारण त्याच्या पोटात हार्फबझ नावाचा अक्षरं जुळवणारा कारागीर आहे. मी म्हटलं, "मुलांचा विभाग आहे, चालवून घेतील." तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी पोह्यांवर लिंबू पिळायला घेतलं. "पोरं पहिल्यांदा वाचायला शिकतात तिथे, काका." आणि एका वेलांटीपायी त्याने अख्खा प्रोग्राम क्यूटीत नव्याने लिहायला घेतला.

मग फाँट. विंडोजकडे मंगल आणि निर्मला. मॅककडे कोहिनूर. लिनक्सकडे लोहित. मला वाटलं तो लग्नाच्या याद्या वाचतोय. प्रत्येकाची उंची वेगळी, त्यामुळे एका घरी 'थकबाकीदार सभासद' बटणात मावतो आणि दुसऱ्या घरी 'थकबाकीदार सभा' एवढंच राहतं.

एकदा जुन्या यादीतली अठरा हजार पुस्तकं आत घेताना खिडकी पांढरीफटक पडली, वर 'प्रतिसाद देत नाही'. मी घाबरून प्लग काढायला निघालो. "काढू नका! काम चालू आहे." मग त्याने समजावलं. खिडकीत बसलेला कारकून एकटाच. तोच पैसे घेतो, तोच पावती देतो, तोच 'पुढे या' म्हणतो. त्यालाच गोदामात पुस्तकं मोजायला पाठवलं तर खिडकीवर कोण? मोजायला दुसरा माणूस ठेवायचा, पण त्याने गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायचं नाही, निरोप कारकुनाकडेच द्यायचा. मी तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. मला हे इतकं पटलं की खिडकीकाराला वाटलं, मला प्रोग्रॅमिंग कळलं.

शेवटी गाठोडं बांधायची वेळ आली. पायइन्स्टॉलर नावाचं अवजार प्रोग्राम, त्याचा शिधा आणि अख्खा पायथॉन एकत्र बांधून देतं. पण विंडोजचं गाठोडं विंडोजवरच बांधायचं, मॅकचं मॅकवर, लिनक्सचं लिनक्सवर. मॅक बायकोचा. "रात्री अकरानंतर माझा लॅपटॉप बांधकामावर असतो," ती म्हणते. बांधून झालं तरी उंबरठा राहतोच. मॅकच्या घरी ओळख लागते. वर्षाला ९९ डॉलर भरून नाव नोंदवायचं, प्रोग्रामवर सही करायची, तपासायला पाठवायचा, मग प्रवेश. विंडोज अनोळखी प्रोग्राम दिसला की निळी पाटी आडवी धरतं, आणि 'तरीही चालवा' हे बटण 'अधिक माहिती'च्या मागे लपवतं. माझ्या अँटिव्हायरसने तर त्याची फाइल थेट कोठडीत टाकली. "अरे, तीन वर्षं तू माझ्याकडे पोहे खातोयस," मी म्हणालो, "आणि माझा लॅपटॉप तुला ओळखत नाही?" तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "माझ्याकडे तर चालतंय हो, काका." या जमातीचं हे कुलदैवताचं नाव आहे. संकटात आपोआप तोंडी येतं.

प्रोग्राम बसवला त्या दिवशी मीही बरोबर गेलो. तिन्ही यंत्रांवर त्याने तो ठेवला आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन परीक्षेच्या वर्गाबाहेरच्या पालकासारखा बसला. ग्रंथपालबाईंनी दोन सभासदांना पुस्तकं दिली, एकाची थकबाकी काढली, पावती छापली. कार्यवाहांनी चष्मा न लावता महिन्याची वर्गणी पाहिली. बालविभागात एका मुलीने 'विनोद'वर टिचकी मारली. वेलांटी जागेवर होती. कुणी काही विचारलं नाही, कुणी अडलं नाही.

चहा आला. ग्रंथपालबाईंनी कप पुढे करत विचारलं, "सर, मग तुमचं सॉफ्टवेअर कधी बसवणार?"

"बसवलंय की. तुम्ही आत्ता वापरत होतात ते."

"हे होय? मला वाटलं, कॉम्प्युटरबरोबरच आलेलं आहे."

कार्यवाह म्हणाले, "मलाही वाटलं मॅकचंच आहे."

मला वाटलं, आता याचा चेहरा पडणार. तो चहाचा कप तसाच धरून गालातल्या गालात हसत होता.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. वारा हवा होता. काच सरकवली, सरकेना. दोन्ही हातांनी ओढली, खालून ठोकली, वरून ठोकली. कंडक्टर तिकिटं फाडत आले, थांबले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "नाही उघडायची ती, साहेब. दुसऱ्या गाडीत अगदी मस्त उघडते."

खिडकीकार वळून माझ्याकडे बघायला लागला. इतकं समजून घेणारा माणूस त्याला दिवसभरात भेटला नव्हता. तो सरकून बसला, शेजारची जागा हाताने पुसली आणि म्हणाला, "बसा ना साहेब, दोन मिनिटं."